थोरल्या साडूंचा जोड

माझ्या थोरल्या साडूंइतका माणसाला दमवणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी रागाने म्हणत नाही. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि साडूंबरोबर अर्धा दिवस काढल्यावर ती शिल्लक राहत नाही. ते भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, कुणाला टाकून बोलत नाहीत. ते फक्त तपासतात. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी क्वालिटी विभागात काढली. पाइप, नळ्या आणि त्यांचे जोड हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, अंगठा फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. गंगापूर रोडवर त्यांचा आणि आमचा फ्लॅट हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे आमच्या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यांच्या अंगठ्याखालून गेलेली आहे. आम्ही नवीन दार बसवलं तेव्हा ते चहाला आले होते. दारातच थांबले, बिजागरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे चालणार नाही. सूतभर खाली आहे. पावसाळ्यात घासेल." चहा गार झाला, सुतार दोनदा येऊन गेला आणि पावसाळ्यात दार घासलं. साडूंचं म्हणणं बहुधा खरं निघतं, त्यामुळे माणूस आणखीच थकतो.

द्राक्षांच्या दिवसांत त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे एक शिक्षाच. प्रत्येक घड देठाला धरून उचलायचा, हलकेच हलवायचा आणि किती मणी गळतात ते पाहायचं. विकणारी बाई शेवटी म्हणते, "बाबा, तुम्हीच बसा गाडीवर, मी जाते घरी." रविवारी मिसळ खायला धरणाच्या बाजूला गेलो तर आधी रस्सा पळीने ढवळून बघायचा, मग मटकीचा दाणा दोन बोटांत दाबायचा, मग पाव वासासाठी नाकाशी न्यायचा. तोवर माझी मिसळ खाऊन होऊन मला पुन्हा भूक लागलेली असते. त्यांच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, नवरा मुलगा हार घेऊन उभा, भटजी पुढचं कडवं म्हणायच्या तयारीत, आणि वधुपिता मांडवाच्या कडेला खांब हलवून पाहतोय, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमच्या सगळ्यांची ताई, या माणसाबरोबर संसार करत आली ती एकाच शब्दावर. तो शब्द म्हणजे 'हं'. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे न ऐकता ऐकल्यासारखं करायची तिला सवय होती. एकदा ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "मी केलेली पोळी त्यांनी उलटून न बघता खाल्ली, असं मला आठवतच नाही. आता मीच ताटात उलटी वाढते."

अशा माणसाचं पोट दुखायला लागलं, तेव्हा त्याने ते स्वतःच तपासलं. डाव्या बाजूला, खाली दुखत होतं. साडूंनी दाबून बघितलं, आडवं होऊन बघितलं, उभं राहून बघितलं आणि गॅस आहे असा निकाल दिला. ओवा खाऊन झाला, हिंगाचं पाणी पिऊन झालं. आम्ही डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "कारण कळलंय. उगाच कशाला." मग पंचवटीतल्या एका हॉलमध्ये नात्यातला साखरपुडा होता. साडू नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय दाबून कोणती खुर्ची तडकलेली आहे ते शोधत होते. एका खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. मी आणि ताईने त्यांना धरून गाडीत घातलं.

दवाखान्यात सर्जन म्हणून एक तरुण बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, पण बोललेलं शेवटपर्यंत समजावून सांगणाऱ्या. त्यांनी साडूंच्या पोटावर हात दाबला आणि पटकन उचलला, तसे साडू कळवळले. फोटो वगैरे झाल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, "मोठ्या आतड्याला एक फुगी आली होती, ती फुटलीये. घाण पोटात पसरतीये. लगेच ऑपरेशन करावं लागेल." स्ट्रेचरवरून साडूंनी विचारलं, "भोक किती मोठं आहे?"

"आत गेल्यावर कळेल."

"म्हणजे मोजलेलं नाही," साडू माझ्याकडे बघून म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

बेंबीच्या वरपासून खालपर्यंत पोट उघडावं लागलं. आतड्याचा खराब तुकडा काढला. उरलेली दोन टोकं तेव्हाच जोडता आली नाहीत, कारण आत पू आणि सूज होती, टाका धरला नसता. म्हणून वरचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून ठेवलं आणि त्यावर पिशवी लावली. शौच आता तिथून, त्या पिशवीत. "हे कायमचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं निवलं की काही महिन्यांनी परत जोडू."

साडू जगले, पण गप्प झाले. आयुष्यभर हा माणूस कधी गप्प होईल याची आम्ही वाट पाहिली होती, आणि झाला तेव्हा कुणालाच ते सोसेना. ते मागच्या खोलीत खिडकी उघडी टाकून बसायचे. आम्ही गेलो की गॅलरीच्या दाराशी, सगळ्यांपासून लांब खुर्ची घ्यायचे. खोलीत उदबत्तीवर उदबत्ती. मधूनच ताईकडे बघून भुवई उचलायचे. त्याचा अर्थ, वास येतोय का. ताई मान हलवून नाही म्हणायची. त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांचं स्वतःचं नाक त्या वासाला सरावलं होतं, त्यामुळे ही एक गोष्ट त्यांना स्वतःला तपासता येत नव्हती, बायकोच्या शब्दावर राहावं लागत होतं. पिशवी ताईच बदलायची. कोमट पाण्याने पुसायची, कोरडं करायची, नवी चिकटवायची. साडू तेवढा वेळ भिंतीकडे बघत पडून राहायचे. भिंतीला पोपडा आला होता, त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत, तेव्हा ताई घाबरली.

थोडं बरं वाटल्यावर ते एकदा सोसायटीच्या मीटिंगला गेले. इमारतीला रंग द्यायचा होता. साडू उठून बोलायला लागले, प्रायमर कोणता, हात किती, आणि मध्येच पिशवीतून आवाज आला. हवा सुटल्याचा, चांगला लांबलेला. कुणी हसलं नाही. साडूंनी वाक्य तिथेच सोडलं आणि जिना उतरून घरी गेले. रंगाचा ठराव एकही शंका न निघता मंजूर झाला. सेक्रेटरी मला नंतर म्हणाले, "इतक्या लवकर मीटिंग संपली, पण बरं नाही वाटलं." त्यानंतर साडू दवाखान्याशिवाय कुठेच गेले नाहीत.

दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे होतं. ते पुढच्या सीटवर मांडीवर टॉवेल घेऊन बसायचे, ताई मागे. तिथल्या बाकावर एकदा हरसूलकडचे एक गृहस्थ शेजारी बसले होते, साधारण साडूंच्याच वयाचे. त्यांनाही पिशवी होती, पण ती गळत होती, म्हणून त्यांनी वरून फडकं गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. आजूबाजूची कातडी सोलवटली होती. ते आठवडे बाजारात नागली आणि वरई विकायला बसायचे, आता जात नव्हते. बायको त्यांच्याशेजारी खाली मान घालून बसली होती.

"वास येतो लय," ते हळू आवाजात म्हणाले. "लोक काय बोलत नाय, पण सरकून बसत्यात. मग म्या बाजारच सोडला."

साडूंनी वाकून त्या फडक्याखालची पिशवी बघितली आणि कित्येक आठवड्यांत आम्ही न ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं. "हे चालणार नाही. भोक मोठं कापलंय तुम्ही. आतड्याच्या तोंडाला बेताचं बसलं पाहिजे, नाहीतर पाणी कातडीवर येणार." सिस्टरकडून कात्री मागून घेतली. नव्या पिशवीच्या चकतीवर पेनने गोल काढला, कापला, कडा बोटाने घासून गुळगुळीत केल्या, मग ती चकती तळहातांत धरून बसले. "गरम झाली की धरते," ते म्हणाले. सिस्टरने ती लावली. त्या गृहस्थांनी सदरा खाली केला, उभे राहिले, पुन्हा बसले. गळाली नाही. त्या दिवसापासून साडू स्वतःची पिशवी स्वतः बदलायला लागले. हरसूलच्या माणसाचा फोनही अधूनमधून यायला लागला आणि दोघं तासतासभर आतड्यांविषयी बोलू लागले. ताई म्हणाली, "जेवताना तरी नको," आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

परत जोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वेळी शक्यतो पोट उघडणार नाही. तीन-चार बारीक छेद घेऊन दुर्बिणीने करू. दुखणं कमी, उठणं लवकर. पण पहिल्या ऑपरेशनमुळे आतड्याला आतडी चिकटली असतील, आणि ती सुटली नाहीत तर उघडावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. साडू खुर्चीत पुढे सरकले.

"जोडणार कशाने?"

"स्टेपलर असतो. गोल. एका वेळी आत पिनांचं कडं बसतं."

"आणि जोड गळत नाही, हे कसं कळणार?"

"जोड पाण्याखाली ठेवतो आणि खालून हवा भरतो. बुडबुडे आले तर गळतंय."

साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही तो इतका उजळला नव्हता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, हेच. आम्ही टाकीत बुडवून हेच करायचो." मग पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे वळून, "टेस्ट पास झाल्यावरही जोड पुढे सुटतो का?"

"क्वचित सुटतो," त्या म्हणाल्या. "मग परत ऑपरेशन, परत पिशवी. जिवावरही बेतू शकतं. खोटं सांगणार नाही."

परतताना गाडीत मागून ताईचा आवाज आला, अगदी शांत. "मी दमलेय. त्या वेळी देवाच्या दयेने निभावलं. पुन्हा तसंच झालं तर मला झेपणार नाही. नंतर रडण्यापेक्षा आधीच सांगून ठेवते. आहे ते बरं चाललंय."

साडू जेहान सर्कलपर्यंत बाहेर बघत होते. तिथे म्हणाले, "मग राहू दे."

मला वाटलं विषय मिटला. पुढच्या आठवड्यात ताई आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोजवळ बसली. "मी नाही म्हटलं आणि त्यांनी एक प्रश्न विचारला नाही," ती म्हणाली. "का नाही, कशावरून नाही, काहीच नाही. काल मुलीचा व्हिडिओ कॉल आला तर उठून आत गेले. मी अशी कशी नाही म्हणू त्यांना?" घरी जाऊन तिने साडूंना सांगितलं की ऑपरेशन करून घ्या, पण माझी अट आहे, त्या दिवसापर्यंत डॉक्टरीणबाईंना एकही प्रश्न विचारायचा नाही. साडूंनी मान्य केलं आणि भूल द्यायच्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, कारण अटीत ते येत नव्हते.

ऑपरेशनला आम्हाला वाटलं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. ताई बाकावर साडूंचा चष्मा मुठीत धरून बसली होती. मी चहा आणला, तिने तो बाजूला ठेवला. मध्येच सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "अजून चालू आहे. आत बरंच चिकटलंय. मॅडम हळूहळू सोडवतायत." ताईने 'हं' म्हटलं. माझी बायको तिचा हात धरून होती. मी जिन्यापर्यंत जाऊन येत होतो. दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्याही थकल्या होत्या, कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "जोडलं," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीनेच झालं. हवा भरून बघितली. बुडबुडा नाही आला."

ताई रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हे त्यांना तुम्ही स्वतः सांगाल का? माझं ऐकून त्यांचं समाधान होणार नाही."

शुद्धीवर आल्यावर साडूंची पहिली तक्रार खांद्याची होती. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणजे कुठेतरी चूक आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुर्बिणीसाठी पोटात जो गॅस भरतात, त्याने खांदा दुखतो, जिरेल. साडूंनी त्यावर विचार केला आणि पास केलं. मग सुरू झाली वारा सरण्याची वाट. वारा सरला म्हणजे जोड चालू झाला. तोवर तोंडाने चमचा चमचा पाणी. साडूंना धरून मी व्हरांड्यात फिरवायचो, एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्यात साडू. अख्खं नातेवाईक मंडळ या एका गोष्टीवर डोळे लावून बसलं. मुलगी परदेशातून विचारायची, सोसायटीचे सेक्रेटरी विचारायचे, हरसूलहून फोन यायचा, "साहेबांचा वारा सरला का नाय?" मी इतक्या जणांना 'अजून नाही' सांगितलं की रस्त्यात कुणी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं तरी तोंडून 'अजून नाही' निघायला लागलं. शेवटी एका सकाळी, डॉक्टरीणबाई राउंडला आलेल्या, दोन सिस्टर, शेजारच्या कॉटवरचे पाहुणे, सगळे उभे असताना तो आला. जिथून यायला हवा तिथूनच आला. सोसायटीच्या मीटिंगमधून वाक्य अर्धं टाकून निघून गेलेला तो माणूस उशीवरून मान उचलून म्हणाला, "ऐकू आलं ना सगळ्यांना?" डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. ताई तेव्हा रडली.

घरी आल्यावर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. बरेच दिवस रिकामं राहिलेलं ते आतडं काम विसरलं होतं. साडूंना दिवसातून कितीतरी वेळा धावावं लागे, कधी पोचेपर्यंत उशीर होई. ताईच्या घरातला नळ बंद झालेला मला तेव्हा आठवत नाही. फिरायला गेलो की वाटेतल्या कोणत्या हॉटेलात आत जाऊ देतात, हे मला त्यांच्यामुळे पाठ झालं. हळूहळू ते निवळलं. पण साडू वाळले, चालताना मागे पडायला लागले.

एकच गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. हरसूलच्या माणसाला ते भेटायला जात नव्हते. त्या गृहस्थांचं दुखणं आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी होतं, ते काढून टाकल्यावर खालचा रस्ता डॉक्टरांनी कायमचा बंद केला होता. जोडायला काही उरलंच नव्हतं. साडूंच्या कपाटात न वापरलेल्या पिशव्यांचा खोका होता. "तो द्यायला हवा," ते म्हणायचे, "पण कसा जाऊ? माझं मिटलं म्हणून तुला उरलेलं घे, असंच ना ते?" शेवटी ताईच म्हणाली, "चला, मीही येते," आणि आम्ही बाजाराच्या दिवशी गिरणारेवरून हरसूलला गेलो.

ते बाजारातच बसले होते. पुढे नागलीची आणि वरईची पोती, दोन्ही बाजूंना विकणारे अगदी खेटून बसलेले. साडूंना पाहून ते उठले, त्यांना एका झाडामागे घेऊन गेले आणि म्हणाले, "दावा की, कसं केलंय." साडूंनी बुशशर्ट वर केला. डाव्या बाजूला पिशवीच्या जागी एक आवळलेली खूण, इकडेतिकडे बारीक व्रण. त्या माणसाने नीट बघितलं. "ब्येस झालं," ते म्हणाले. साडू खोका हातात धरून तसेच उभे. तेव्हा त्या माणसानेच तो खोका त्यांच्या हातातून काढून घेतला. "आणा हिकडं. मला लागतंयच. आन् तुम्ही तोंड पाडू नका, साहेब. म्या बाजारात बसतो ना आता." त्यांच्या बायकोने ताईला पोत्यावर जागा करून दिली. दोघी चहा घेत कितीतरी वेळ बोलत होत्या, आणि मधूनच हसत होत्या. काय ते आम्हाला कळलं नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. गिरणारे मागे पडलं तेव्हा ताई मागच्या सीटवर झोपली. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पदर सुटलेला. आमच्या इमारतीचं वळण आलं आणि मी इंडिकेटर दिला. साडूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वळू नका. पुढे चला."

"पुढे कुठे?"

"कुठेही. गाडी थांबली की ती उठेल."

मी सरळ अशोक स्तंभाकडे निघालो. सिग्नलला थांबावं लागलं की साडू श्वास धरून मागे वळून बघायचे, आणि ती हलली नाही की सावकाश पुढे वळायचे. रस्त्यावरचे दिवे लागले होते. मीही थकलो होतो, पाठ दुखत होती. शहराला एक वळसा झाल्यावर मी हळूच विचारलं, "दादा, किती वेळ फिरायचं?"

त्यांनी पुन्हा मागे वळून ताईकडे पाहिलं.

"तिची किती झोप राहिलीय, मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

मी पुन्हा गंगापूर रोडला लागलो आणि घरावरून गाडी पुढे काढली.